४६ नगांची पेटी की सहा पाने?



खेड तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. त्यांचे शौहर पहाटे बेकरीतून पाव, खारी, बटर उचलतात, मोटरसायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधतात आणि वाड्यावाड्यांतून विकत फिरतात. गाडी १०० सीसीची, आठ वर्षांची. त्या लिहितात, "दर महिन्याला गॅरेजचं काहीतरी निघतंच. कधी चेन सैल, कधी प्लग, कधी ऑईल. सामानाचे पैसे वेगळे, हाताचे वेगळे, आणि त्या दिवसाची फेरी बुडते ती वेगळी. मुलगा दहावीत आहे. तो म्हणतो, हे सगळं मी घरी करतो, फक्त हत्यारं घेऊन द्या. मोबाईलवर ४६ नगांची पेटी सहाशे रुपयांना दिसते. घेऊ का?"

मुलाला हत्यारं जरूर घेऊन द्या. ती पेटी मात्र घेऊ नका.

शाळेत मुलांची कंपासपेटी रोज पाहतो. आत दोन गुण्ये, कोनमापक, कर्कटक, विभाजक, सगळं असतं. वर्षभर वापरली जाते ती पट्टी आणि पेन्सिल, आणि नेमकी तीच निकृष्ट असते. ४६ नगांच्या पेटीचं तसंच आहे. एकदा उघडून मोजा. साधारण निम्मे नग स्क्रूचे छोटे बिट असतात. दोन-तीन अ‍ॅलन की, एक-दोन जोडदांडे, एक खटखट वाजणारं रॅचेट हँडल, आणि ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या. त्यात साडेचार आणि साडेपाचच्या गोट्याही असतात, ज्या मोटरसायकलवर कुठे लावायच्या हे शोधावंच लागेल. तुमच्या गाडीला त्यातल्या ८, १०, १२ आणि १४ एवढ्या चारच लागतील. ऑईल काढायचा बोल्ट अनेक १०० सीसी गाड्यांत १७ चा असतो. ती गोटी पेटीत नाही. प्लगचा पाना पेटीत नाही. मागच्या चाकाचा नट तर त्याहून मोठा. म्हणजे पत्रात लिहिलेल्या तीन कामांपैकी एकही काम त्या पेटीने पुरं होत नाही.

दुसरी गोष्ट हँडलची. या पेट्यांतल्या हँडलची चौकोनी दांडी पाव इंची, म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटर जाडीची असते. ती लहान स्क्रूंसाठी असते. गंजलेल्या १४ च्या नटावर तिने जोर लावला की आतले दात सरकतात, हात सटकतो आणि बोटांची सालं निघतात. नट जागच्या जागी.

मग घ्यायचं काय? पैसे काढण्याआधी मुलाला वही घेऊन गाडीजवळ बसवा. आरशाचा नट कितीचा, ब्रेकच्या तारेचा कितीचा, चेन ताणायचा कितीचा, ऑईलचा कितीचा. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून पाच मिनिटं पाने मागून घेतले तरी हे मोजून होतं. गाडीबरोबर आलेली छापील पुस्तिका घरात असेल तर फारच छान. कपाटात विम्याच्या कागदांखाली बघा. सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड कंपनीने दिलेली हत्यारांची लहान पिशवीही असते. जुनी गाडी घेताना ती हरवलेली असते, पण असेल तर तिच्यातला प्लगचा नळीपाना कामाचा आहे. बाकीचे पाने पत्र्याचे, वाटेत अडलं तर वापरायचे.

वही भरली की एक गोष्ट दिसेल. पुन्हा पुन्हा येणारे आकडे पाच-सहाच असतात: ८, १०, १२, १४, १७, आणि चाकाजवळ एखादा मोठा. याचं कारण जुनं आहे. आपल्याकडच्या लहान मोटरसायकली १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीत सुरू झाल्या. हिरो होंडाची स्थापना १९८४ ची. जपानी पद्धतीत ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचं डोकं १२ चं असतं, युरोपी पद्धतीत त्याच बोल्टाचं १३ चं. दहाच्या बोल्टाला तिकडे १७, इकडे १४. म्हणून जपानी वळणाच्या गाडीत १३ चा पाना पडून राहतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत तो सापडतो, म्हणून तर आधी मोजायचं.

आता दुकानात मिळणारा आठ पान्यांचा ठरलेला संच बघा. ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२. प्रत्येक पान्याचं एक टोक तुमच्या कामाचं आणि दुसरं बहुधा नाही. संच चांगल्या कंपनीचा असला तरी अर्धे पैसे न लागणाऱ्या टोकांना जातात. त्यापेक्षा कॉम्बिनेशन पाने सुटे मागा. त्यात एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडा जबडा आणि दोन्हीकडे आकडा एकच असतो. ८, १०, १२, १४, १७ असे पाच घ्या आणि मागच्या चाकाचा नट मोजून सहावा. दुकानदार म्हणेल, अहो, संच स्वस्त पडतो. नगाच्या हिशेबाने पडतोही. आपल्याला नग मोजायचे नाहीत, बोल्ट खोलायचे आहेत.

रिंग आणि उघडा जबडा यातला फरक मुलाला नीट समजावून द्या, कारण नुकसान इथेच होतं. उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला की जबडा किंचित फाकतो आणि नटाचे कोपरे सोलतो. रिंग सगळे कोपरे एकदम धरते. म्हणून पहिला जोर नेहमी रिंगने, आणि नट सैल झाल्यावर भरभर काढायला उघडं टोक. कोपरे गेलेला नट हे लहान नुकसान नाही. त्याला मग छिन्नी लागते, वेल्डिंग लागतं, कधी बोल्ट आतच तुटतो आणि लेथवाल्याकडे जावं लागतं. तीन दिवस गाडी उभी, तीन दिवस पाव विकला जात नाही. ज्याची कमाई गाडीवर आहे त्याला हलका पाना महाग पडतो तो असा. आणि पक्कडीने नट फिरवायची सवय असेल तर ती आजच सोडवा. पक्कड तार धरायला, पिन वाकवायला. मागेपुढे होणारा स्क्रू पानाही नळाच्या कामाला ठेवा. मोटरसायकलच्या लहान नटावर तो हमखास घसरतो.

पान्यांनंतर १० चा टी पाना. कुठल्याही गॅरेजात मिस्त्रीच्या हातात सगळ्यात जास्त वेळ हाच असतो. इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ, खाली लांब दांडी आणि टोकाला गोटी. खोलगट जागेतला बोल्ट याने सरळ धरता येतो. महिनाभराने पैसे झाले तर ८ आणि १२ चा घ्या. गोटी विकत घेताना आत डोकावून बघा. सहा कोनांची गोटी बोल्टाच्या सपाट बाजू धरते. बारा कोनांची लावायला सोपी, पण झिजलेल्या बोल्टावर लवकर सरकते. जुन्या गाडीला सहा कोनांचीच घ्यावी.

प्लगचा पाना आपल्या गाडीचा प्लग बघून घ्या. हिरो-होंडा जातीच्या लहान गाड्यांना १६ चा लागतो, जुन्या चेतकसारख्या स्कूटरला २१ चा. नवा प्लग बसवताना आधी पान्याची मूठ न लावता नुसत्या बोटांनी फिरवायचा. वाकडा बसला तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडाचा. वाकडे आटे लोखंड कापतं, भोगतं अ‍ॅल्युमिनियम. शेवटी किती वळसा द्यायचा याचं चित्र नव्या प्लगच्या खोक्यावर छापलेलं असतं. खोकं फेकण्याआधी ते पाहून घ्यावं.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ही वस्तू कोणी निवडून घेत नाही. घरात असतो तोच घेतात, टीव्हीच्या मागचा, टोक गोल झालेला. मोटरसायकलवरचे फुलीचे स्क्रू, ज्यांना आपण स्टार म्हणतो, ते दिसायला सगळे सारखे. पण जपानी वळणाच्या फुलीचा खाचा थोडा वेगळा असतो. साधा स्टार ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही आणि जोर दिला की वर उसळतो. दोनदा उसळला की फुलीची वाटी होते. अशा काही स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, त्यावरून ओळखता येतं. जपानी मापाचा ड्रायव्हर मोठ्या शहरात मिळतो, पण गावात साधाच घ्यावा लागला तरी दोन गोष्टी पाळा. एक, २ नंबर आणि ३ नंबर असे दोन ड्रायव्हर ठेवा; इंजिनाच्या झाकणाचे मोठे स्क्रू २ नंबरने खोलू नका. दोन, दांडी मुठीतून आरपार गेलेला घ्या, म्हणजे मागून हातोडीने हलका ठोका देता येतो. ठोक्याने गंज मोडतो, टोक खाली बसतं, आणि मग फिरवायचं. जोर फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त.

पान्यावर काय लिहिलेलं असावं? आकडा कोरलेला किंवा घडवतानाच उठलेला असावा. रंगाने छापलेला नको. क्रोम व्हॅनेडियम हा शब्द चांगला, पण तो वाटेल त्या पान्यावर छापता येतो, म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका. पाना नव्या बोल्टावर लावून पाहा. मी तर दुकानात जाताना खिशात १० आणि १४ चा एकेक नवा बोल्ट घेऊन जातो. डुगडुगला तर परत. आपल्या देशात हातहत्यारं चांगली बनतात. जालंधर हे त्यांचं मोठं केंद्र आहे, आणि आपल्या नाशिकला टपारियाचा कारखाना आहे. नावाजलेल्या कंपनीचा साधा, चमक नसलेला पाना बिननावाच्या चमकदार पान्यापेक्षा थोडा महाग असतो, पण पंचवीस वर्षं टिकतो. पॉलिशचे पैसे वाचवा, पोलादाचे वाचवू नका.

खरेदीसाठी गाडीच्या शोरूममध्ये जायचं कारण नाही. तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं किंवा ऑटो पार्ट्सचं दुकान पुरे. मुंबईला कोणी जाणार असेल तर मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं रांगेने आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेले पाने मिळतात. जुना चांगला पाना नव्या हलक्या पान्याहून केव्हाही बरा, मात्र घेताना डोळे उघडे ठेवावेत. उघडा जबडा फाकलेला नाही ना, रिंगच्या आतल्या कडा गोल झालेल्या नाहीत ना, कुठे वेल्डिंगचा डाग आहे का. आणि आकडा मिलिमीटरचाच आहे का. जुन्या ढिगात इंचाचे पाने खूप असतात. त्यावर १/२ असं लिहिलेलं असेल तर तो १२.७ मिलिमीटरचा, १३ वर बसणार नाही, १२ वर फिरून कोपरे खाईल.

खर्चाचं म्हणाल तर भाव गावागावांत बदलतात, म्हणून ढोबळ सांगतो. सहा कॉम्बिनेशन पाने, एक टी पाना, प्लगचा पाना, दोन स्टार आणि एक चपटा ड्रायव्हर, एक पक्कड: ओळखीच्या कंपनीचं घेतलं तर पंधराशे ते अठराशे रुपयांत बसतं. एकदम काढायची गरज नाही. पहिल्या महिन्यात १०, १४ आणि १७ चे पाने आणि प्लगचा पाना, एवढ्यावर ऑईल आणि प्लग ही दोन कामं घरी सुरू होतात. चेनसाठी दुसऱ्या महिन्यात चाकाच्या नटाचा पाना. बाकीचं जसं लागेल तसं. हवेचा दाब मोजायचं छोटं मीटर मात्र लवकर घ्या. मागे पेटी बांधून फिरणाऱ्या गाडीला टायरची हवा हाताने दाबून कळत नाही, आणि कमी हवेत टायर, पेट्रोल दोन्ही जातं.

आता मुलाने काय करायचं आणि काय नाही. गरम इंजिनाचं ऑईल वाहतं नीट, पण पाच-दहा मिनिटं थांबून काढावं, हात भाजतो. बोल्टाखालची वायसर परत लावायला विसरायचं नाही, आणि बोल्ट आवळताना पान्याला पाईप जोडायचा नाही. लहान आकड्याचा पाना लांबीला लहान असतो तो उगाच नाही. त्या बोल्टाला किती जोर सोसतो हे त्या लांबीतच ठरवलेलं असतं. मनगटाने आवळा, खांद्याने नको. काढलेलं काळं ऑईल गटारात किंवा परसात ओतू नका, जुन्या डब्यात भरून गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते गोळा करणारे नेतात.

चेन हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं काम. साफ करून ९० नंबरचं गियर ऑईल लावायचं, बहुतेक लहान गाड्यांना तेच सांगितलेलं असतं. सैलपणा मधोमध वरखाली हलवून मोजायचा. लहान गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेनच्या झाकणावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळेल. चेन काच ताणलेली नको; मागे वजन बसलं की ती आणखी ताणते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं चालतं. पण हे सगळं इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत. गाडी मोठ्या स्टँडवर लावून, गियर टाकून, फिरत्या चेनला फडकं धरणारे लोक मी पाहिले आहेत. फडकं चेनीत जातं, त्याच्या मागोमाग बोट दात्यांत जातं आणि शेंडा तुटतो. दर गॅरेजवाल्याला अशी एक तरी हकिकत माहीत असते. त्या भगिनींनी ही एक गोष्ट मुलाकडून तोंडी वदवून घ्यावी, मगच पाना हातात द्यावा.

चाकाचा नट मुलाने आवळला तर पहिले काही वेळा वडिलांनी किंवा मिस्त्रीने तपासावा. नटात आडवी पिन असेल तर जुनी पिन परत वापरायची नाही, नवी काही रुपयांना येते. पुढचा डिस्क ब्रेक, त्याचं तेल, इंजिनाच्या आतलं काहीही, हे घरी नको. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो, फ्युएल इंजेक्शन असतं. तिथे पेच फिरवून अ‍ॅव्हरेज वाढवायचा उद्योग करू नये. वॉरंटीतल्या गाडीची सर्व्हिस शोरूमलाच.

शेजारच्या गॅरेजवाल्याशी वाकडं घेऊ नका. क्लच प्लेट, ब्रेक, इंजिन ही कामं त्याचीच राहणार आहेत, आणि तुमच्या मुलाला एखादी अवघड गाठ तोच सोडवून दाखवेल. मुलगा यात रमला तर दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पण आधी परीक्षा, आणि ऑईल रविवारी. घरात मुलगी असेल तर तिलाही गाडीजवळ बोलवा. प्लग बदलायला काय लागतं? १६ चा पाना आणि धीर, दोन्ही तिच्याकडे असू शकतं.

कोकणच्या पावसात पाने दोन महिन्यांत तांबडे होतात. काम झालं की पुसून, ऑईलचा बोळा फिरवून, जुन्या सुती कपड्यात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. गाडीच्या पिशवीत ओले राहू देऊ नका. आणि पाने घरात आले की मोहल्ला मागायला येणार, हे धरून चाला. १० चा पाना पहिला हरवतो. प्रत्येक पान्यावर घरातल्या नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवा. दुसऱ्याच्या डब्यात दिसला तर न बोलता उचलता येतो.